तळटीप : चक्कीची कापडी बाही
बाही : चक्कीतून पीठ पडते त्या तोंडाला बांधलेली लांब कापडी पिशवी. पीठ उडू नये म्हणून ती बांधतात हे खरे, पण तिचे मोठे काम हवेला वाट देण्याचे. टाकी लावलेल्या (छिन्नीने टाचलेल्या) दगडावर मध्यापासून कडेपर्यंत चर असतात. त्यांच्यामुळे फिरता दगड पंख्यासारखा चालतो. दाण्याबरोबर हवा आत ओढली जाते आणि पीठ, उष्णता व ओल घेऊन कडेने बाहेर पडते. कापड पीठ अडवते, हवा सोडते. ते बुजले की हवा कोंडते, सांध्यांतून पीठ उडते, दळण जास्त तापते. सिमेंटच्या गिरणीतही हाच हिशेब : हवा मंद असली तर बारीक झालेली भुकटी आतच राहून पुन्हा दळली जाते, जोराची असली तर जाडही निघून जाते. गिरणीवाल्यांची ही जाण मात्र लिखाणात फारशी येत नाही. औंध संस्थानात कुंडलजवळ १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आधाराने कारखाना उभारला. तिथल्या लोखंडी नांगरांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच. त्या मुलखातल्या गिरणीवाल्यांच्या हवेच्या जाणकारीवरही तितक्याच आस्थेने लिहायला हवे. — संपा.