एक पांढरी छाया, तीन आजार : हॉक्स नेस्ट बोगद्याची कहाणी

१/ निरोगी फुप्फुसात हवा असते. क्ष-किरण तिच्यातून आरपार जातात, म्हणून छायाचित्रात फुप्फुस काळे दिसते. पू, द्रव किंवा कठीण झालेली ऊती असेल तेथे पांढरी छाया उमटते. मात्र न्यूमोनिया, क्षय आणि दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस या तिन्ही आजारांची छाया पांढरीच असते. तिला कोणते नाव द्यायचे, या प्रश्नावर १९३० च्या दशकात अमेरिकेतील शेकडो मजुरांचा न्याय अडकून पडला.

२/ वर्ष १९३०. वेस्ट व्हर्जिनियातील गॉली ब्रिज गावाजवळ नदीचे पाणी वीजनिर्मितीसाठी वळवायचे होते. त्यासाठी डोंगराच्या पोटातून सुमारे ५ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदण्यास प्रारंभ झाला. प्रकल्प युनियन कार्बाइड समूहाचा होता. महामंदीने कामधंदा हिरावलेले सुमारे ५,००० मजूर तेथे राबले. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते.

३/ डोंगराचा खडक विलक्षण शुद्ध सिलिकाचा निघाला. खोदताना पाणी मारले की धूळ खाली बसते. पण त्याने काम मंदावते. म्हणून बहुतांश खोदाई कोरडीच झाली. पाहणीस येणारे अधिकारी मुखपट्टी लावत. मजुरांना ती मिळाली नाही. पांढऱ्या धुळीने माखलेले मजूर बाहेर आले की कृष्णवर्णीय कोण आणि गोरा कोण, हे ओळखू येत नसे.

४/ सिलिकाचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. शरीराच्या रक्षक पेशी ते गिळतात आणि स्वतःच मरतात. त्या जागी तंतुमय गाठी होतात. छायाचित्रात, विशेषतः फुप्फुसांच्या वरच्या भागात, बारीक पांढरे ठिपके विखुरलेले दिसतात. यास सहसा १० ते २० वर्षे लागतात. धूळ अतोनात असेल तर मात्र काही महिन्यांतच वायुकोश प्रथिनयुक्त द्रवाने भरतात, आणि चित्र न्यूमोनियासारखे धूसर दिसते. हॉक्स नेस्टच्या अनेक मजुरांच्या वाट्याला हाच वेगवान प्रकार आला.

५/ हे शास्त्र तेव्हा अज्ञात होते काय? मुळीच नाही. बोगदा सुरू झाला त्याच वर्षी, ऑगस्ट १९३० मध्ये, जोहान्सबर्ग येथे सिलिकोसिसवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सोन्याच्या खाणींतील कामगारांच्या अनुभवावरून तेथे क्ष-किरण छायाचित्रांतील आजाराच्या अवस्थाही ठरवण्यात आल्या.

६/ गॉली ब्रिजला मात्र मृत्यूच्या नोंदी न्यूमोनिया किंवा क्षय अशाच होत राहिल्या. एका घरातील बाप आणि तीन मुलगे बोगद्यात कामाला होते. पैशांवाचून छायाचित्र काढले जाईना, तेव्हा त्या मुलांची आई रस्त्यावर उभी राहून भीक मागू लागली. अशा मिळवलेल्या पुराव्यांवर खटले उभे राहिले. तिचे तिन्ही मुलगे दगावले, आणि पुढे पतीही.

७/ १९३३ च्या पहिल्या खटल्यात ज्यूरींचे एकमत झाले नाही. त्यानंतर बहुतेक दावे तडजोडीने मिटले. भरपाई अत्यल्प होती, आणि कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा कमी मिळाली. १९३६ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. तेथे ४७६ मृत्यूंचा आकडा पुढे आला. १९८६ मध्ये डॉक्टर मार्टिन चेर्निॲक यांनी नोंदींच्या अभ्यासावरून किमान ७६४ मृत्यूंचा अंदाज मांडला. अनेक मजूर आजारपणात गाव सोडून गेले होते. त्यांची गणती कधीच पूर्ण झाली नाही.

८/ फुप्फुसावर छाया आहे, एवढेच छायाचित्र सांगते. ती कोठून आली हे कळण्यासाठी रोग्याचा इतिहास लागतो. इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० मध्येच सांगून ठेवले होते की, रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा व्यवसाय काय?’ हेही विचारावे. हॉक्स नेस्टच्या मजुरांचा व्यवसाय सर्वांनाच ठाऊक होता. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र तो कारण म्हणून उतरला नाही.