लिलाव थांबवणारा गव्हर्नर

महामंदी म्हटलं की आपण थेट वॉल स्ट्रीटवर पोचतो. ऑक्टोबर १९२९, शेअर बाजार कोसळला, वगैरे वगैरे. आज मी तुम्हाला तिथून बरंच लांब नेणार आहे, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या मिनेसोटा राज्यात. गोष्ट शेतीची आहे, कर्जाची आहे आणि फ्लॉइड ओल्सन नावाच्या गव्हर्नरची आहे.

आधी एक खुलासा. आपल्याकडे गव्हर्नर म्हणजे राज्यपाल, राष्ट्रपतींनी नेमलेले. अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोक थेट निवडून देतात. काम साधारण आपल्या मुख्यमंत्र्यांसारखं. फरक एवढाच, की मुख्यमंत्र्यांच्या मागे विधानसभेत बहुमत असतं, तिथल्या गव्हर्नरच्या मागे ते असेलच असं नाही. ओल्सनच्या काळात राज्याची सिनेट कायम विरोधकांच्या हातात होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ओल्सन मिनीॲपोलिसच्या गरीब वस्तीत वाढलेला. वडील नॉर्वेचे, आई स्वीडनची. शेजारी ज्यू कुटुंबं, त्यांच्याकडून तो यिडिश भाषाही शिकला. गोदीत हमाली केली, रात्रीच्या कॉलेजात वकिली शिकला आणि दहा वर्षं सरकारी वकील म्हणून लाचखोर नगरसेवकांच्या मागे लागला. १९३० मध्ये फार्मर-लेबर पक्षातर्फे, म्हणजे शेतकरी आणि कामगारांच्या पक्षातर्फे, तो गव्हर्नर म्हणून निवडून आला. तेव्हा वय होतं अवघं ३८.

आता शेतकऱ्याचं गणित बघू. पहिल्या महायुद्धात गव्हाला सोन्याचा भाव आला होता. १९१९ मध्ये एका बुशेलला, म्हणजे साधारण २७ किलोला, दोन डॉलरच्या वर मिळत होते. त्या भरवशावर लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. १९३२ मध्ये तोच भाव ४० सेंटच्या खाली आला. कर्जाचा आकडा मात्र जागचा हलला नाही. समजा हजार डॉलर फेडायचेत. १९१९ मध्ये त्यासाठी ५०० बुशेल गहू पुरला असता. १९३२ मध्ये अडीच हजार बुशेल विकूनही भागलं नसतं. शेतकरी तोच, रान तेच, मेहनत तीच.

हप्ते थकले की गहाण जमिनीचा लिलाव. तो पुकारायचा तिथला शेरीफ. मंदीत बोली लावायला कोण येणार? जमीन मातीमोल भावाने जायची आणि उरलेलं कर्ज पुन्हा शेतकऱ्याच्याच डोक्यावर. मग अमेरिकेच्या त्या शेतीपट्ट्यात लोकांनी एक युक्ती काढली. जप्त अवजारांचा नाहीतर जनावरांचा लिलाव असला की आजूबाजूचे शेतकरी घोळक्याने हजर. काही सेंटची बोली लावायची, वस्तू घ्यायची आणि मूळ मालकाला परत द्यायची. बाहेरच्या कोणी जास्त बोली लावू नये म्हणून कधीकधी जवळच फासाचा दोर टांगलेला असायचा! प्रकरण कुठल्या थराला चाललं होतं ते यावरून कळतं.

२४ फेब्रुवारी १९३३ ला ओल्सनने आदेश काढला: राज्यातल्या शेरीफांनी १ मेपर्यंत गहाणवटीचे लिलाव थांबवावेत. गव्हर्नरला असा अधिकार होता का? शंकाच होती. ओल्सन स्वतः वकील, त्यामुळे नुसत्या आदेशावर हे फार दिवस टिकणार नाही हे उघडच होतं. खरा कायदा हवा होता आणि १८ एप्रिलला तो झालाही.

या कायद्यातली मेख ऐका. ही कर्जमाफी नव्हती. एक डॉलरही माफ झाला नाही. मिनेसोटात लिलावानंतरही एक वर्षाच्या आत पैसे भरून मालमत्ता सोडवता यायची. नव्या कायद्याने कोर्टाला ही मुदत वाढवण्याचा अधिकार दिला, फार तर १ मे १९३५ पर्यंत. आणि तेही फुकट नाही. तोवर कर्जदाराने कोर्ट ठरवेल ती वाजवी रक्कम, भाड्यासारखी, भरत राहायची. म्हणजे सावकाराला काहीतरी मिळत राहणार आणि कर्जदाराच्या डोक्यावरचं छप्पर टिकणार.

हा कायदा घरांनाही लागू होता. मिनीॲपोलिसचं ब्लेसडेल दांपत्य आपल्या घराचा काही भाग भाड्याने देऊन राहत होतं. कोर्टाने त्यांना महिना ४० डॉलर भरायला सांगून मुदत वाढवून दिली. कर्ज देणारी संस्था सुप्रीम कोर्टात गेली. तिचा मुद्दा असा, की करार मोडणारा कायदा राज्यांनी करू नये असं अमेरिकेच्या संविधानातच लिहिलंय.

निकाल आला ८ जानेवारी १९३४ ला, पाच विरुद्ध चार. सरन्यायाधीश ह्यूज यांनी कायदा उचलून धरला: संकट खरं आहे, उपाय तात्पुरता आहे, अटी वाजवी आहेत. न्यायमूर्ती सदरलँड विरोधात गेले. त्यांचं म्हणणं, की मंदीच्या दिवसांत कर्जदारांच्या बाजूने असले कायदे होऊ नयेत म्हणूनच तर ते कलम घातलं होतं! मला हा विरोधही वजनदार वाटतो. करार पाळले जातील याचा भरवसा उडाला तर उद्या गरिबाला कर्ज कोण देणार?

विरोधी सिनेटला ओल्सनने कसं हाताळलं? त्याच वर्षी बेकारांच्या मदतीचा पैसा अडला, तेव्हा त्याने कॅपिटॉलच्या पायऱ्यांवरून जमावासमोर थेट लष्करी कायदा पुकारायची धमकी दिली. लोकशाहीत हे शोभतं का, यावर मला खाली कमेंटमध्ये तुमचं मत सांगा. राज्याचा आयकरही १९३३ चाच, शाळांसाठी.

पुढच्याच वर्षी त्याची कसोटी लागली. जुलै १९३४ मध्ये मिनीॲपोलिसच्या ट्रक ड्रायव्हरांच्या संपावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दोन जण मेले. ओल्सनने खरंच लष्करी कायदा लावला. त्याच्या सैनिकांनी संपवाल्यांच्याच मुख्यालयावर धाड घालून पुढाऱ्यांना धरलं. दोनच दिवसांनी मालकांच्या संघटनेच्या कचेरीवरही धाड पडली. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि युनियनला मान्यता मिळाली.

ऑगस्ट १९३६ मध्ये, अमेरिकेच्या सिनेटची निवडणूक लढवत असतानाच, ओल्सन कॅन्सरने गेला. वय ४४.

मंदी काही त्याने संपवली नाही. गव्हाचा भाव ठरवणं कुठल्याच गव्हर्नरच्या हातात नव्हतं. त्याच्या हातात होती फक्त मुदत आणि ती त्याने मिळवून दिली. भाव पडलेत म्हणून ज्याचं घर आज जातंय, त्याला दोन वर्षं म्हणजे दोन पिकं मिळतात. तेवढ्यात कोणी सावरतो, कोणी नाही सावरत. पण शेरीफ दारात उभा असताना हे दुसरं पीक घ्यायची संधी मिळणं किती मोठं असतं, ते कर्जात वाढलेल्या घराला वेगळं सांगावं लागत नाही.

भेटू पुढच्या भागात!