लोखंडी चाक, पॉवर टिलरचे

भातखाचरात चिखलणी करताना पॉवर टिलरची रबरी चाके काढून त्यांच्या जागी बसवतात ते लोखंडी कड्या व आडव्या पात्यांचे पोकळ चाक. अवजारांच्या दुकानांत ते केज व्हील या नावाने मिळते; शेतकरी नुसते ‘लोखंडी चाक’ म्हणतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत पावसाळ्याच्या तोंडाशी टिलरचा हा चाकबदल होतो आणि लावणी उरकली की रबरी चाके पुन्हा चढतात. मूळचे एकच यंत्र मऊ, पाय रुतणाऱ्या पृष्ठभागावर चालावे म्हणून त्याची चाके बदलण्याचा हा सर्वांत साधा प्रकार आहे. बर्फाळ देशांत मातीवरच्या मोटारसायकलीला पट्टा व घसरपट्टी लावून तिची हिमदुचाकी करतात, तीही याच जातीची युक्ती. मात्र दोन्हींचे उत्तर एकमेकांच्या उलट आहे, आणि त्या उलटेपणाचे कारण खाचराच्या तळाशी सापडते.

प्रदेश : कसारा हे शहापूर तालुक्यातील, थळ घाटाच्या पायथ्याचे रेल्वे स्थानक. 1861 मध्ये लोहमार्ग येथवर पोहोचला आणि 1865 मध्ये घाट चढून इगतपुरीला गेला. घाटमाथा पाठीशी असल्याने येथे पाऊस धो धो पडतो; वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस नेहमीचा आहे. मुंबईला पाणी देणारे तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा व भातसा हे जलाशय याच पावसावर भरतात. खर्डी, डोळखांब, किन्हवली, तसेच मुरबाडकडील टोकावडे, धसई, सरळगाव या पट्ट्यांत पावसाळ्याचे मुख्य पीक भात. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी होते. सखल भागात बांध घालून तयार केलेली भातखाचरे असतात. खाचरे लहान, वेड्यावाकड्या आकारांची आणि एकाखाली एक पायऱ्यांनी उतरणारी आहेत. मोठा ट्रॅक्टर त्यांत वळतही नाही. दोन हातांत धरून, मागे चालत हाकायचा पॉवर टिलर म्हणूनच येथे बसतो.

चिखलणीचा हेतू : उन्हाळ्यात राब भाजून, जूनच्या पावसावर पेरलेले रोप, म्हणजे आवण, तीनेक आठवड्यांत लावणीजोगे होते. तोवर खाचरात पाणी बांधून ठेवतात आणि लावणीच्या आदल्या एक-दोन दिवसांत चिखलणी करतात. पाण्याने भिजलेली माती घुसळली की तिची ढेकळी रचना मोडते, बारीक कण सुटे होऊन सावकाश खाली बसतात आणि मातीतील छिद्रे बुजतात. त्यामुळे पाणी जिरण्याचा वेग खूप कमी होतो, तण गाडले जाते आणि आवणाची मूठ सोडून चार-चार काड्या बोटांनी सहज रोवता येतात. चांगली चिखलणी झालेल्या खाचरात पावसाची उघडीप चार दिवस लांबली तरी पाणी टिकते.

तळ : चिखलाखाली, साधारण 15 ते 20 सेंटिमीटरवर, एक घट्ट थर असतो. नांगराचा फाळ वर्षानुवर्षे एकाच खोलीवर घासला, बैलांचे खूर आणि माणसांचे पाय त्याच पातळीवर पडले, वरून बारीक कण येऊन बसले. त्यातून हा थर तयार झाला. खाचरात उतरलेल्या माणसाचा पाय नडगीपर्यंत जातो आणि मग टणक काहीतरी लागते, ते हेच. हा थर पाणी धरून ठेवतो आणि बैल, माणूस व यंत्र यांना उभे राहायला आधार देतो. तो कोणी एका वर्षात केलेला नाही. म्हसा येथील पौष पौर्णिमेच्या यात्रेतून खोंड विकत आणून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या औत हाकले, त्यांच्या कष्टाची ती ठेव आहे. लोखंडी चाकाचे सारे काम या थरावर अवलंबून असते.

यंत्र : पॉवर टिलरला बहुधा 12 ते 13 अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे आडवे डिझेल इंजिन असते. हँडल मारून ते सुरू करतात. काही नव्या टिलरना बटणाची सोय आहे. इंजिनाची ताकद पट्ट्यांवरून गिअरपेटीत येते आणि तेथून दोन वाटांनी जाते : एक चाकांकडे, दुसरी मागच्या फिरत्या ब्लेडांच्या रोटरीकडे. रोटरीसकट वजन चारशे ते पाचशे किलोपर्यंत भरते. वळवण्यासाठी दोन्ही मुठींखाली एकेक खटका असतो. डावा दाबला की डाव्या चाकाचा जोर सुटतो आणि टिलर डावीकडे वळतो.

रबरी चाक का चालत नाही : रस्त्यावर व कोरड्या रानात रबरी टायरच्या खाचा माती पकडतात. चिखलात त्या खाचा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. मग चाक जागच्या जागी फिरते, स्वतःखालचा चिखल बाहेर फेकते आणि खड्डा करते. थोड्या वेळात टिलर गिअरपेटीच्या पोटावर बसतो. एकदा पोट टेकले की चाकांवर वजन उरत नाही, आणि वजन नाही तर पकडही नाही. मग बांधावरून दोर लावून चार-सहा जणांनी ओढण्यावाचून गत्यंतर नसते.

रचना : लोखंडी चाकात गोल वळवलेल्या दोन किंवा तीन कड्या एकमेकींपासून अंतरावर ठेवून त्यांच्यावर परिघाने आडव्या पट्ट्या किंवा अँगल वेल्ड केलेले असतात. या आडव्या पट्ट्यांना पाती म्हणावे. वल्ह्याचे काम त्याच करतात. मधोमध आऱ्यांनी जोडलेला तुंबा असतो. चाक आतून पोकळ असल्याने उचललेला चिखल आरपार गळून पडतो. पात्यांमधले अंतर फार कमी असेल तर दोन पात्यांत चिखल अडकून घट्ट बसतो आणि चाकाचे भरीव पिंप होते. अंतर फार जास्त असेल तर टिलर धक्के खात चालतो. पाती जरा तिरकी ठेवली की ती एकामागून एक सावकाश चिखलात शिरतात आणि धक्का कमी बसतो. चिकण मातीच्या खाचरात मोकळ्या पात्यांचे, तर हलक्या, रेताड मातीत दाट पात्यांचे चाक बरे पडते. मोठ्या ट्रॅक्टरला रबरी टायर तसाच ठेवून बाहेरच्या बाजूने अर्धे लोखंडी चाक जोडतात. टिलरला मात्र संपूर्ण चाक बदलणे सोयीचे असते.

बसवणी : चाक बदलायचे ते खाचराच्या कडेला, टणक जागी. गिअरपेटीखाली लाकडाचा ओंडका सरकवून टिलर एका बाजूने उचलतात. टायरच्या तुंब्यातला आडवा बोल्ट काढला की चाक आसावरून सरळ बाहेर येते. आस पुसून, गंज असेल तर घासून, त्यावर ग्रीस लावतात. लोखंडी चाक चढवताना पात्यांची दिशा पाहणे सर्वांत महत्त्वाचे असते : तिरकी पाती पुढे जाताना चिखलात रुतली पाहिजेत. डाव्या-उजव्या चाकांची अदलाबदल झाली तर पाती उलटी पडतात, चाक चिखल कापायच्या ऐवजी त्यावरून सरकते आणि इंजिन विनाकारण दमते. बोल्ट घट्ट केल्यावर पहिल्या तासाभराच्या कामानंतर तो पुन्हा आवळावा लागतो. याच वेळी मागचे छोटे चाक काढून त्या जागी लाकडी फळी किंवा पत्र्याची घसरपट्टी बांधतात. त्यामुळे मागचा भाग रुतत नाही आणि चिखल सपाट होत जातो. ब्लेड झिजलेली असल्यास तीही तेव्हाच बदलतात.

चालवणे : चिखलणी खालच्या गिअरमध्ये, एकसारख्या गतीने करतात. खाचरात बोटभर ते चार बोटे पाणी असावे. पाणी कमी असेल तर चिखल चाकाला चिकटतो, जास्त असेल तर ढेकळे दिसत नाहीत आणि माती वाहून बांधाकडे जाते. लोखंडी चाकाची पाती चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतात आणि त्याला टेकून यंत्र पुढे ढकलतात. म्हणून चांगल्या चाकाचा व्यास इतका हवा की पाती तळाला लागूनही गिअरपेटीचे पोट चिखलाच्या वर राहील. एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना बांधावर फळ्या टाकतात, कारण लोखंडी पाती बांध कापून काढतात आणि फुटलेल्या बांधातून रात्रीत सगळे पाणी निघून जाते. उतारावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. टिलर स्वतःच्या वजनाने खाली ओढत असेल तेव्हा डावा खटका दाबल्यास डावे चाक मोकळे सुटून पुढे धावते आणि यंत्र उजवीकडे वळते. सपाटीवरच्या सवयीने चालवणारा माणूस अशा जागी हमखास फसतो. नवख्याला टिलर शिकवताना ही गोष्ट आधी दाखवावी, गती नंतर.

इतिहास : आरंभीच्या ट्रॅक्टरना लोखंडी चाकेच होती आणि त्यांवर मातीत रुतणारे खिळे किंवा पाती असत. अमेरिकेत 1932 मध्ये अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने हवेचे टायर लावलेला ट्रॅक्टर बाजारात आणला आणि काही वर्षांतच रबराने लोखंडाला हटवले. भातशेतीत मात्र लोखंड टिकून राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये लहान खाचरांसाठी चालत हाकायचे टिलर मोठ्या प्रमाणावर पसरले आणि त्यांच्यासोबत पात्यांचे चाकही आले. भारतात 1960 च्या दशकात जपानी सहकार्याने टिलर तयार होऊ लागले. बंगळूरची व्ही. एस. टी. कंपनी 1967 मध्ये, तर केरळ शासनाची कॅम्को 1973 मध्ये सुरू झाली. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ 1972 मध्ये स्थापन झाले आणि कर्जतच्या त्याच्या संशोधन केंद्राने कोकणच्या पावसाला साजणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. बैलजोडी सांभाळणे परवडेनासे झाले, गुरे राखणारी मुले शाळेत व शहरात गेली, तसा टिलर शहापूर-मुरबाडच्या खाचरांत वाढला. ज्याच्याकडे टिलर नाही तो तासाच्या भाड्याने बोलावतो.

बर्फावरील दुचाकीशी तुलना : हिमदुचाकी करताना 250 ते 450 सीसीच्या मातीवरच्या मोटारसायकलीचे पुढचे चाक काढून तेथे एक रुंद घसरपट्टी बसवतात. मागचे चाक व त्याचा दांडा पूर्ण उतरवून त्या जागी उंच रबरी पात्यांचा लांब पट्टा जोडतात. इंजिनाची साखळी मधला आस फिरवते आणि तेथून पट्टा फिरतो. थंड हवेने इंजिन गारठू नये म्हणून रेडिएटरपुढची हवा अडवतात. अशी जोडसामग्री बनवणारी अमेरिकेतील आयडाहो राज्याची टिंबरस्लेड कंपनी 2015 मध्ये पोलारिसने विकत घेतली. भुसभुशीत बर्फाची खोली माणसाच्या उंचीहूनही अधिक असू शकते आणि त्याखाली पोहोचण्याजोगा तळ नसतो. चाकाने कितीही खोल खणले तरी टेकायला काही मिळत नाही. म्हणून वजन लांबरुंद पट्ट्यावर पसरून वर तरंगत राहणे हाच तेथे मार्ग असतो.

बर्फ दाबून घट्ट केलेला असेल तर मात्र चाक पुरते. डिसेंबर 2021 मध्ये संतोष विजयकुमार व डीन कॉक्सन हे रॉयल एनफील्ड हिमालयन मोटारसायकलींवर दक्षिण ध्रुवावर पोहोचले. त्यांनी चाके काढली नाहीत. कमी हवेवर चालणारे खिळ्यांचे टायर लावले आणि अधिक जोर मिळावा म्हणून पुढची दातेरी चकती 15 ऐवजी 13 दातांची बसवली. खालचा पृष्ठभाग वजन पेलणारा होता, म्हणून पकड वाढवणे पुरेसे ठरले.

उलट, तळ नसलेल्या चिखलात शेतकऱ्यालाही तरंगावेच लागते. फिलिपाइन्समध्ये नावेसारख्या पोटाचा टिलर आणि चीनमध्ये नांगरणीची नाव-ट्रॅक्टर अशा दलदलीच्या खाचरांसाठी निघाली. तेथे यंत्राचे वजन नावेवर असते, चाक केवळ वल्हवते. हिमदुचाकीचे खरे भावंड ही यंत्रे आहेत. शहापूर-मुरबाडच्या खाचरात लोखंडी चाक चालते ते खाली तळ आहे म्हणून.

धोके व मर्यादा : फिरत्या रोटरीत पाय किंवा कपडा अडकून होणारे अपघात हा सर्वांत गंभीर धोका. मागे घेताना रोटरी बंद असलीच पाहिजे, कारण मागे सरकणारा टिलर चालवणाऱ्याच्या अंगावर येतो आणि चिखलात पाय पटकन उचलता येत नाही. ब्लेडांत अडकलेले गवत इंजिन बंद केल्याशिवाय काढू नये. लोखंडी चाकावर टिलर डांबरी रस्त्याने नेणे चूक आहे : रस्ता उखडतो, पाती वाकतात, गिअरपेटीला हादरे बसतात. शेत दूर असेल तर टेम्पोतून न्यावा किंवा बांधावर चाक बदलावे. चिखलणीही मर्यादेत हवी. टिलर पुन्हापुन्हा फिरवला, किंवा वजन बांधून चाक जास्त खोल दाबले, तर तळचा थर कापला जातो. मग पाणी झिरपून जाते, पुढच्या वर्षी यंत्र अधिक रुतते आणि ते नुकसान भरून यायला बरीच वर्षे लागतात.

चिखलणीला पर्याय : नेरळजवळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात चिखलणी व लावणी दोन्ही टाळतात. कायमचे गादीवाफे करून, साच्याने भोके पाडून त्यांत बी टोकतात आणि पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात. डिझेल व मजुरी वाचते आणि मातीची रचना सुधारते, तणाचा बंदोबस्त मात्र काटेकोर करावा लागतो. पाणी साचून राहणाऱ्या सखल खाचरांत चिखलणीची पद्धत अजून चालूच आहे. कोणती वाट धरायची हे ज्या त्या खाचराचा निचरा पाहून ठरवावे. आणि चिखलणीच करायची असेल तर टिलर उतरवण्याआधी खाचरभर फिरून पाय किती खोल जातो ते चार ठिकाणी पाहावे. तळ लागला तर लोखंडी चाक लावावे. न लागला तर ती जागा यंत्राने करू नये; तेथे हाताने कुदळावे, नाहीतर तुकडा मोकळा सोडावा.