बंब येण्यापूर्वी

चौदा एप्रिल उजाडला की आपल्या भागात प्रथम आठवण होते ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीची, आणि ते उचितच आहे. परंतु या तारखेशी दुसरीही एक आठवण निगडित आहे. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटांत बंबखान्याचे ६६ जवान कर्तव्य बजावीत असता मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून, आणि तेथून २० एप्रिलपर्यंतचा आठवडा अग्निशमन सप्ताह म्हणून देशभर पाळला जातो. वसंतातल्या आपल्या या ज्ञानसत्राचा काळही हाच, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत वणवे पेटण्याचा काळही हाच. तेव्हा या इतिहासाचा मागोवा घेण्यास याहून योग्य वेळ कोणती?

या इतिहासातून आम्हांस जे दिसते ते आरंभीच सांगून टाकतो. आगीशी होणाऱ्या झुंजीचा निकाल पुष्कळदा बंब येण्यापूर्वीच लागलेला असतो. कोठे काय साठविले आहे, ते कोणास ठाऊक आहे आणि ज्याला ठाऊक आहे त्याने ते वेळेवर सांगितले की नाही, यावर तो अवलंबून असतो.

प्रथम बंबखाना कसा उभा राहिला ते थोडक्यात पाहू. १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटात भयंकर आग लागून शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. त्यानंतर आग विझविण्याचे काम पोलिसांच्या जोडकामांत गणले जाऊ लागले. १८६५ साली पोलीस कमिशनरच्या हाताखाली घोड्यांनी ओढायच्या बंबांचे नियमित दल उभे राहिले. १८८८ च्या कायद्याने ही जबाबदारी नगरपालिकेकडे आली आणि १८९० मध्ये लंडनच्या दलातील एका अनुभवी अधिकाऱ्याकडे या खात्याची सूत्रे देण्यात आली. १९०७ साली पहिला मोटारबंब आला. घोडा गेला, मोटार आली. पाणी दूरवर आणि उंचावर पोचू लागले. मात्र नागरिकाचा या कामातील वाटा होता तेवढाच राहिला. आग दिसली की ओरडावे, पळावे आणि बंबाची वाट पाहावी, याहून अधिक त्याला कोणी शिकविले नव्हते. या अपुरेपणाची किंमत मुंबईने १९४४ साली मोजली.

त्या वर्षी १२ एप्रिलला 'फोर्ट स्टिकीन' नावाचे मालवाहू जहाज कराचीहून मुंबईस येऊन गोदीत लागले. महायुद्धाचे दिवस होते. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये व दारूगोळा होता. त्याच्या जोडीला कराचीत चढविलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या, तेल, लाकूड, भंगार लोखंड आणि सोन्याच्या विटाही होत्या. कापूस आणि दारूगोळा यांची संगत किती घातकी हे कप्तानास कळत होते. त्याने आपला निषेध नोंदविलाही होता. पण युद्धाच्या निकडीपुढे त्याचे काही चालले नाही. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने तांबडे निशाण लावावयाचे असते. तेही या जहाजावर नव्हते. गोदीत वावरणाऱ्या हजारो माणसांना आपण कशाच्या शेजारी उभे आहोत याची कल्पना नव्हती.

१४ तारखेस दुपारच्या जेवणाच्या सुटीत शेजारच्या जहाजावरील काही लोकांना 'फोर्ट स्टिकीन'मधून धूर निघताना दिसला. जहाजावरचे लोक शांत आहेत, त्या अर्थी काही विशेष नसावे, अशी समजूत करून त्यांनी कोणास काही कळविले नाही. दोनच्या सुमारास कामगार पुन्हा खाली उतरले तेव्हा आग उघडकीस आली. साधी वर्दी गेली म्हणून प्रथम दोनच बंब आले. धोक्याचे खरे स्वरूप समजल्यावर आणखी बंब धावले. जवानांनी ९०० टनांहून अधिक पाणी आत ओतले, तरी आगीचे मूळ सापडेना. जहाज बुडवावे, बाहेर समुद्रात न्यावे, की आहे तेथेच आग विझवावी, याविषयी तेथील अधिकाऱ्यांत मतभेद होते, आणि सर्वांस बांधील असा निर्णय देणारा कोणीच नव्हता. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. सुमारे १,७०० किलोमीटर दूर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रानेही त्यांची नोंद घेतली. बळी किती पडले याचे आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत निरनिराळे दिले जातात.

शहरात तर जपानने बाँब टाकले अशी वार्ता पसरली. खरी हकीगत देण्यास वृत्तपत्रांना मोकळीक नव्हती. दुसऱ्याच दिवशी शत्रूच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने मात्र ती सविस्तर सांगितली. आपल्या शहरात काय घडले हे मुंबईकरांनी परक्याच्या तोंडून ऐकावे, यापरते दैव ते कोणते! सरकारी बंदी उठली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात.

या प्रसंगातील शौर्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. आपल्या पायांखाली काय आहे हे कळल्यावरही जे जवान नळ हाती धरून उभे राहिले, त्यांच्यापुढे मस्तक नम्रच होते. भायखळ्याच्या मुख्य बंबखान्यात त्यांचे स्मारक आहे. परंतु शौर्याचा गौरव करताना एक प्रश्न बाजूस सारता येत नाही. ही वेळ त्यांच्यावर यावी का? निशाण लावले असते, पहिला धूर पाहणाऱ्याने हाक दिली असती, वर्दी पुरी गेली असती, तर त्या ६६ जणांपैकी कितीतरी जण सायंकाळी घरी परतले असते. त्यांचे प्राण पाण्याच्या टंचाईने गेले नाहीत. माहितीच्या टंचाईने गेले.

स्वातंत्र्यानंतर या दिशेने काही पावले पडली. १९५६ साली रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय निघाले आणि पुढच्याच वर्षी ते नागपुरास आले. देशभरचे अधिकारी आपल्या विदर्भात शिकून जाऊ लागले. दुसरे पाऊल महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याचे. त्याचा अंमल २००८ च्या डिसेंबरात सुरू झाला. इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर आणि वहिवाटदारावर टाकली, आणि दर वर्षी जानेवारीत व जुलैत तसा दाखला देण्याचे बंधन घातले. बंबखाना विझविणारा आणि नागरिक पाहणारा, ही जुनी वाटणी कायद्याने तरी मोडली. ती अद्याप मनातून मोडलेली नाही. २०२१ च्या ९ जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा अर्भके गेली, सात वाचविता आली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे हुकूम निघाले. तपासणी दुर्घटनेच्या मागून आली, हेच त्यातले दुःख.

आता आपल्या ऊर्जानगराकडे वळू. ही वसाहत ज्या औष्णिक केंद्रासाठी वसली त्याचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. येथे आग हीच रोजची मोलकरीण आहे, आणि म्हणूनच ती केव्हा मालकीण होऊन बसेल याचे भान ठेवावे लागते. कोळशाचा ढीग बाहेरून ठिणगी न पडताही पेटतो. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन आत उष्णता साठत जाते, आणि ती बाहेर पडण्यास वाट न मिळाली की ढीग आतून धुमसू लागतो. म्हणून कोळसा थराथराने दाबून रचावयाचा, आधी आलेला आधी वापरावयाचा, आणि ढिगाचे तापमान पाहत राहावयाचे. विजेच्या आगीचा न्याय निराळा. प्रवाह बंद झाल्याची खात्री होण्यापूर्वी तिच्यावर पाणी मारणारा स्वतःच बळी पडतो. हे ज्ञान केंद्राच्या कुंपणाआतच राहिले तर वसाहतीला त्याचा काय उपयोग?

कुंपणाबाहेरही हाच न्याय. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी आगीचा हंगाम. मोहफुले गळतात ती रात्री. पहाटे ती पाचोळ्यातून वेचणे कठीण, म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत पडली. वेचणाऱ्याला दोन पैसे हवे असतात. रान जाळण्याचा त्याचा हेतू नसतो. त्याला दंडाची भीती घालण्यापेक्षा, पाचोळा झाडून बाजूस कसा सारावा, झाडाखाली जाळी कशी अंथरावी हे दाखविणे अधिक फलदायी. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल जेथे गावाचे होते, तेथे वणव्याची पहिली वर्दी गावच देतो, कारण जळते ते त्याचेच असते. २०२२ च्या मे महिन्यात बल्लारपूरजवळ कळमना येथे कागद गिरणीच्या लाकूड-बांबूच्या आगारास आग लागली, तेव्हा शेजारच्या जिल्ह्यांतूनही बंब मागवावे लागले. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वाळलेला बांबू बंबांची वाट पाहत नाही.

अग्निशमन सप्ताहात जवान शाळांतून, वसाहतींतून प्रात्यक्षिके दाखवितात. गॅसच्या टाकीवर ओले गोणपाट कसे टाकावे, धुरात वाकून कसे चालावे, १०१ वर वर्दी देताना पत्ता, खुणेची जागा आणि काय जळते आहे हे कसे सांगावे, ते शिकवितात. मुले टाळ्या वाजवितात, मोठी माणसे घड्याळाकडे पाहतात. ही अर्ध्या तासाची करमणूक असल्याचा आपला समज आहे. १९४४ च्या त्या दुपारी गोदीत एवढेच शिक्षण असलेला एक मनुष्य धूर पाहून गप्प बसला नसता, तर मुंबईचा इतिहास कदाचित निराळा लिहावा लागला असता. त्या ६६ जणांना फूल वाहावयाचे असेल तर आपापल्या घरातील, कारखान्यातील, रानातील धोक्याची माहिती शेजाऱ्याला देऊन ते वाहावे.