तांपान व पालेपाई

इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या लांपुंग प्रदेशातील विधिवस्त्रे. सुती पोतावर रंगीत धाग्यांचा जादा बाणा भरून त्यांवर नक्षी विणत. तिचा प्राण म्हणजे जहाज. दोन्ही टोके उंच वळलेल्या या जहाजावर माणसे, पक्षी, हत्ती, देवळीवजा घरे आणि जीवनवृक्ष दाटीने उभे असतात. समुद्री व्यापारावर जगणाऱ्या प्रदेशात हे चिन्ह रुजले यात नवल नाही. पण त्याचा अर्थ व्यापारापुरता नाही. जन्म, सुंता, विवाह व मृत्यू या प्रसंगी माणूस एका अवस्थेतून दुसरीत जातो, त्या संक्रमणाचे हे जहाज वाहक मानले जाते.

तांपान हे लहान, चौरसाकार वस्त्र सर्व थरांत वापरात होते. विधीतील अन्न व भेटवस्तू त्यात झाकून नेत. भिंतीवर टांगण्याचे लांबलचक पालेपाई मात्र उमराव घराण्यांचा मान होता. काहींवर एकच, तर काहींवर दोन मोठी जहाजे दिसतात. एवढ्या अरुंद पट्टीत इतके सजीव जग बसवणारी वीण आग्नेय आशियातही विरळाच. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हे विणकाम जवळजवळ थांबले.