नवी नोकरी शोधताना जुनी सॅलरी स्लिप दाखवावीच लागते का?

इंटरव्ह्यू चांगला झाला. दोन दिवसांनी एचआरचा मेसेज येतो, ‘शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप पाठवा.’ ऑफर अजून हातात नाही, पगाराचा आकडा ठरलेला नाही. अशा वेळी काय करायचं?

कायदा काय सांगतो?

उमेदवाराला आधीचा पगार विचारायला खासगी कंपन्यांना मनाई करणारा कायदा भारतात नाही. पण उमेदवाराने स्लिप दाखवलीच पाहिजे, असंही कुठला कायदा सांगत नाही. म्हणजे कंपनी मागू शकते आणि तुम्ही नाही म्हणू शकता. मात्र त्यामुळे कंपनी तुमचा अर्ज बाजूला ठेवू शकते, हेही खरं.

काही देशांत चित्र वेगळं आहे. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात १ जुलै २०१८ पासून पगाराची ऑफर देण्याआधी जुना पगार विचारता येत नाही. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये असाच नियम मंजूर केला आणि सदस्य देशांना अंमलबजावणीसाठी ७ जून २०२६ पर्यंतची मुदत दिली. महिलांना कमी पगार मिळण्याचं चक्र तोडणं, हा त्यामागचा मुख्य हेतू.

कंपन्या स्लिप का मागतात?

एक कारण म्हणजे पडताळणी. तुम्ही सांगितलेला पगार आणि अनुभव खरा आहे का, हे तपासायचं असतं. दुसरं कारण म्हणजे घासाघीस. समजा, तुमचा सीटीसी ४ लाख आहे आणि त्याच कामाचा बाजारभाव ७ लाख. ‘आम्ही ३० टक्के हाइक देतो’ असं म्हणून कंपनी ५ लाख २० हजारांवर थांबते. पहिल्या नोकरीत कमी पगार मिळाला किंवा मधे गॅप पडला, तर तो फटका पुढच्या प्रत्येक नोकरीत बसत राहतो.

मग उत्तर काय द्यायचं?

सुरुवातीलाच आकडा विचारला तर अपेक्षेवर बोला. उदाहरणार्थ, ‘या कामासाठी माझी अपेक्षा ७ लाखांची आहे. या पदासाठी तुमचं बजेट किती आहे?’ स्लिप मागितली तर, ‘लेखी ऑफर मिळाल्यावर पडताळणीसाठी देतो’ असं नम्रपणे सांगा. कंपनी अडून बसली, तर नोकरीची गरज किती आहे ते पाहून निर्णय घ्या.

कागद देताना काय काळजी घ्याल?

• सॅलरी स्लिपवर अनेकदा पॅन, यूएएन आणि बँक खात्याचा नंबर असतो. ऑफरआधी स्लिप द्यावीच लागली, तर हे नंबर झाका. पगाराचे आकडे मात्र बदलू नका.
• बँक स्टेटमेंट मागितलं तर पगार जमा झालेल्या नोंदी ठेवून बाकीचे व्यवहार झाका.
• फॉर्म १६ मध्ये पगारासोबत विमा, गृहकर्जाचं व्याज अशी वजावटीची माहितीही असू शकते. त्यामुळे तो सरसकट पाठवू नका.
• सध्याच्या कंपनीच्या करारात पगार गोपनीय ठेवण्याची अट आहे का, ते वाचा.
• मेसेज कंपनीच्या अधिकृत ईमेलवरूनच आलाय का, ते तपासा. नोकरीच्या नावाखाली कागदपत्रं गोळा करणारे भामटेही असतात.

आकडा फुगवून सांगितला तर?

ही चूक महागात पडते. पीएफ पासबुकमध्ये दर महिन्याला जमा झालेली रक्कम दिसते, त्यावरून बेसिक पगाराचा अंदाज बांधता येतो. बँकेच्या नोंदीही बोलतात. खोटं उघड झालं तर ऑफर रद्द होऊ शकते, रुजू झाल्यावरही नोकरी जाऊ शकते. बनावट स्लिप तयार करणं हा तर गुन्हा ठरू शकतो.

रुजू झाल्यावर मात्र लपवू नका

आर्थिक वर्षाच्या मधे नोकरी बदलली, तर आधीच्या पगाराची आणि कापलेल्या टीडीएसची माहिती नव्या कंपनीला द्या. नाहीतर दोन्ही कंपन्या करसवलत स्वतंत्रपणे धरतात, टीडीएस कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते.

थोडक्यात, जुना पगार सांगायचा की नाही, हे तुम्ही ठरवू शकता. पण सांगितलात, तर तो खराच सांगा.