बांधणीची जागा आणि चालण्याची जागा : सॉफ्टवेअर कंटेनरच्या इतिहासातील एक दुवा

सॉफ्टवेअर कंटेनर म्हटला की २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डॉकरचे नाव प्रथम पुढे येते, आणि तयार प्रोग्राम कोठेही नेऊन चालविण्याचे साधन एवढाच त्याचा अर्थ बहुधा केला जातो. हा अर्थ चुकीचा नव्हे. परंतु तो अपुरा आहे. कंटेनरच्या पूर्वेतिहासाचा माग घेतला असता असे दिसते की, प्रोग्राम कुंपणात चालविण्याइतकीच तो कुंपणात कंपाइल करण्याची गरजही जुनी आहे. या दुसऱ्या प्रेरणेचा विसर पडल्यामुळे कंटेनरकडून भलत्याच अपेक्षा बाळगल्या जातात.

या परंपरेचे मूळ ‘चेंज रूट’ या सोयीत आहे. एखाद्या प्रोग्रामला ठराविक डिरेक्टरी हीच फाइलव्यवस्थेचे मूळ असल्याचे भासविणे, हे तिचे कार्य. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती आढळते. बर्कलीच्या बीएसडी शाखेत बिल जॉय यांनी ती १९८२ साली आणली. ती कशासाठी आणली, याविषयी त्यांचे सहकारी कर्क मॅकुसिक यांनी पुढे दिलेले मत तर्काच्या स्वरूपाचे आहे, आणि ते तसेच मानले पाहिजे. नव्या प्रणालीची बांधणी केवळ तिच्या स्वतःच्या फाइलींवरून व्हावी, हा जॉय यांचा हेतू असावा, असे ते मत आहे.

हा तर्क सयुक्तिक का वाटतो, हे कंपायलरच्या कार्यपद्धतीवरून कळते. कंपायलर समोरच्या मजकुराखेरीज हेडर फाइली व लायब्ऱ्या यांचाही आधार घेतो आणि त्या नेहमीच्या ठिकाणी आपण होऊन शोधतो. यंत्रावर जुनी हेडर फाइल शिल्लक असेल, तर बांधणी बिनतक्रार पार पडते आणि दोष मात्र आत दडून राहतो. भोवतालची व्यवस्था दृष्टीआड केली, म्हणजे जे अपुरे आहे ते तत्काळ उघड होते. म्हणजे येथे कुंपण संरक्षणासाठी नव्हे, तर परीक्षेसाठी होते. डेबियन प्रकल्पात प्रत्येक पॅकेज अशाच स्वच्छ कुंपणात बांधण्याची जी रीत रूढ झाली, तिच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. जाहीर न केलेले अवलंबन तेथे लपून राहू शकत नाही.

संरक्षणाचा धागा यानंतर निराळा वाढला. चेंज रूटने फाइली तेवढ्या झाकल्या जात. इतर प्रक्रिया, नेटवर्क आणि सर्वाधिकारी वापरकर्ता यांना आळा बसत नसे. २००० साली फ्रीबीएसडीच्या ४.० आवृत्तीत आलेल्या ‘जेल’ने ही उणीव पुष्कळशी भरून काढली. लिनक्समध्ये २००२ पासून नेमस्पेस टप्प्याटप्प्याने आले. २००८ च्या २.६.२४ आवृत्तीत प्रक्रियांच्या साधनवापरावर मर्यादा घालणारे कंट्रोल ग्रुप आले.

डॉकरने हे दोन्ही धागे एकत्र गुंफले. डॉकरफाइल ही बांधणीची कृती आणि इमेज हे तिचे फळ, अशी योजना झाली. परंतु या ऐक्यातून नवी अडचण उद्भवली. कंपायलर, हेडर फाइली आणि बांधणीची इतर अवजारे इमेजमध्येच राहून ती अवजड होऊ लागली, आणि आक्रमकाच्या हाती नको ती साधने पडण्याचा धोकाही वाढला. २०१७ साली डॉकरच्या १७.०५ आवृत्तीत बहुटप्पी बांधणी आली. पहिल्या टप्प्यात कंपाइल करावयाचे आणि तयार फाइल तेवढी दुसऱ्या, हलक्या इमेजमध्ये न्यावयाची, अशी ही रीत आहे. बांधणीची जागा आणि चालण्याची जागा या दोन आहेत, हे जुने सत्य त्यामुळे पुन्हा मान्य झाले.

मात्र या दोन जागांचा मेळ राहिलाच पाहिजे. ग्लिबसी या सी लायब्ररीवर बांधलेली फाइल मसल लायब्ररी वापरणाऱ्या आल्पाइन इमेजमध्ये सहसा चालत नाही. एका जातीच्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलेली फाइल दुसऱ्या जातीवर अनुकारकावाचून चालत नाही. आणि कर्नल तर कंटेनरचा स्वतःचा नसतोच, तो यजमान यंत्राचा असतो. ‘कोठेही चालते’ हे वचन एवढ्या अटींनी बांधलेले आहे.

संशोधकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न पडताळणीचा आहे. प्रबंधात छापलेला आकडा ज्या प्रोग्रामने काढला, त्याची इमेज जपली तर तो आकडा पुन्हा काढता येईल. पण तो कसा निघाला, हे एकट्या इमेजवरून उमगेलच असे नाही. उलट, केवळ कृती जपली आणि तिच्यात आवृत्त्या निश्चित केल्या नाहीत, तर तीच कृती वर्षभराने निराळे फळ देऊ शकेल. म्हणून दोन्ही जपणे अगत्याचे आहे.

शिवाय, केन टॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात दाखविले होते की, कंपायलरच दूषित असेल, तर निर्दोष मजकुरातूनही दूषित प्रोग्राम निपजतो. असा कंपायलर कुंपणाच्या आत असला, तर कुंपण कितीही भक्कम असो, त्याचा उपयोग नाही. बाहेरचे काय आत आले नाही, एवढे कुंपण सांगू शकते. आत काय ठेवले, याचा जबाब ते ठेवणाऱ्यालाच द्यावा लागतो.